घरातल्या घरात फुकट

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे थांबली आणि दिवा गेला. छतातला पंखा दोन-चार सुस्त गिरक्या मारून गप्प झाला. क्षणभर काळोख झाला, मग कोपऱ्यातला बॅटरीवरचा बारका दिवा लागला. त्या उजेडात चष्मेवालीनं सगळ्यात आधी पाहिलं ते सासऱ्यांच्या ऑक्सिजनच्या सिलिंडरवरच्या काट्याकडे. काटा लाल पट्टीच्या जरा अलीकडे होता.

"वीज गेली," सासरे म्हणाले. नाकातली नळी त्यांनी बोटानं नीट केली. "येईल."

चष्मेवाली हे इमारतीतल्या लोकांनी ठेवलेलं नाव. तिला स्वतःला चष्मा नाही. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते, काड्या घट्ट करते, नाकावर टेकणाऱ्या रबरी टिकल्या बदलते. आज अर्ध्या दिवसाची रजा काढून तिनं सासऱ्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं. तिथे नको तितका वेळ बसावं लागलं आणि चाकांच्या गाडीवरचा छोटा सिलिंडर बसल्या बसल्याच बराचसा संपला. काळजीचं तसं कारण नव्हतं. भरलेला मोठा सिलिंडर घरी पलंगाशेजारी उभा होता आणि घर पाचव्या मजल्यावर होतं. म्हणजे डोक्यावर दीड मजला.

तरी ती घाबरली नाही, कारण ही लिफ्ट तिच्या नवऱ्याच्या हातातली होती. गावातल्या बऱ्याच लिफ्टची देखभाल तो करायचा, पण राहत्या इमारतीच्या लिफ्टवर त्याचा विशेष जीव. बटणांखाली एक लाल बटण होतं. ते दाबलं की भिंतीतला फोन आपोआप नवऱ्याला लागायचा. त्या नंबरासाठी त्यानं आपल्या मोबाइलवर एक वेगळी, कर्कश रिंग ठेवली होती. ती वाजली की तो ताटावरून उठायचा, लग्नातून उठायचा, अगदी भांडण ऐन रंगात आलेलं असलं तरी उठायचा. चष्मेवालीचा मोबाइल या पोलादी खोक्यात मुका व्हायचा, सगळ्यांचाच व्हायचा. पण भिंतीतल्या फोनची सिग्नल पकडणारी तार वर लिफ्टच्या टपावर नेलेली होती. ही तार कशी नेली, हे तिनं जेवताना किमान वर्षभर ऐकलेलं होतं.

तिनं लाल बटण दाबलं. जाळीमागून एका बाईचा गोड, सपाट आवाज आला.

"या क्रमांकावरून बाहेर जाणारे कॉल बंद करण्यात आले आहेत."

तिनं पुन्हा दाबलं. बाईनं पुन्हा तेच सांगितलं.

"आवाज बरा आहे," सासरे म्हणाले आणि श्वास घ्यायला थांबले. "पण... जीव नाही त्यात."

आवाजाबद्दल बोलायचा त्यांना अधिकार होता. उभा जन्म त्यांनी बसस्थानकावर घोषणा करण्यात घालवला होता. कोणती गाडी कुठे लागली हे ते अशा खणखणीत सुरात सांगायचे, की ज्यांना जायचं नसे तेही उठून उभे राहत. आता फुप्फुसं गेली होती. एका वाक्याला त्यांना दोन श्वास लागत, पण बोलायची हौस तसूभर कमी झालेली नव्हती.

चष्मेवालीनं घंटेचं बटण दाबून धरलं. घंटा खाली तळमजल्यावर वाजत होती, तिला ऐकू येत होती. पण तळमजल्यावरची दुकानं आज साप्ताहिक सुटीमुळे बंद, समोरच्या सायकलवाल्याचं तेवढं उघडं पण रस्त्यापलीकडे, वरचे लोक कामावर, आणि जे घरात असतील त्यांना ही घंटा म्हणजे पोरांचा चाळा वाटायची. तिनं दारावर मुठी मारल्या, हाका मारल्या. मग थांबली, कारण हाका ऐकून सासऱ्यांनीही आपला जुना आवाज लावायचा प्रयत्न केला आणि त्यांना ढास लागली.

"बाबा, तुम्ही बोलू नका. खाली बसा." तिनं त्यांना हळूच जमिनीवर बसवलं, पाठ भिंतीला टेकवून दिली. काटा पाहिला. तो लाल पट्टीच्या कडेला आला होता.

तिनं लाल बटण आणखी एकदा दाबलं. तेच वाक्य आलं.

आता हा फोन का बंद पडला, हे तिला ठाऊक नव्हतं, पण त्यात कोणता नंबर आहे हे ठाऊक होतं. तो घरचाच नंबर होता. वर्षभरापूर्वी नवऱ्यानं कंपनीचा एकत्र प्लॅन घेतला होता. पाच नंबर, सगळ्यांचं मिळून एकच बिल, एकच इंटरनेट, आणि पाच जण आपापसात बोलले तर फुकट. घरात माणसं चारच होती. तो, ती, सासरे आणि कॉलेजातली मुलगी. पाचवा नंबर उरला आणि नवऱ्याची झोप उडाली. पैसे दिलेली वस्तू कपाटात पडून राहते हे त्याला बघवेना. शेवटी त्यानं ते पाचवं सिम या फोनमध्ये बसवलं. इमारतीचा वेगळ्या कनेक्शनचा खर्च वाचला, लोकांनी त्याचं कौतुक केलं, तो महिनाभर छाती पुढे काढून फिरला.

तिला तो प्लॅन पहिल्यापासून आवडला नव्हता. मुलगी महिन्याच्या मधेच सगळ्यांचं इंटरनेट फस्त करायची आणि दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना हिच्या मोबाइलवर चक्र फिरत राहायचं. आज सकाळीच त्यावरून वाजलं होतं.

"मला माझा वेगळा नंबर हवाय," ती म्हणाली होती. "माझ्या पैशांनी घेते."

"एकत्र घेतलं की स्वस्त पडतं, हे तुला किती वेळा सांगू?" तो बूट घालत म्हणाला. "आणि एवढं बोलायचं तरी कुणाशी असतं तुला? घरातल्या घरात तर फुकट आहे."

"फुकट आहे म्हणूनच तुम्ही उचलत नाही."

तो हत्यारांची पिशवी उचलून गेला. खोटं काहीच नव्हतं त्यात. लिफ्टचा फोन तो पहिल्या रिंगला उचलायचा आणि बायकोचा कापायचा. उलटा फोन करायचा तो संध्याकाळी, तेही घराच्या जिन्यातून.

सासऱ्यांनी डोळे मिटले होते. ओठांवर निळसर झाक होती, की त्या दिव्याचाच रंग तसा होता, तिला कळेना.

तिनं पर्समध्ये हात घातला. दुकानातला बारका स्क्रूड्रायव्हर तिच्या पर्समध्ये कायम असायचा, कारण ओळखीचे लोक रस्त्यात अडवूनही चष्मे पुढे करायचे. फोनच्या झाकणाला चार स्क्रू होते. चष्म्याच्या स्क्रूपेक्षा मोठे, पण टोक बसलं. पहिले दोन सरळ फिरले. तिसरा गंजलेला होता. तिनं अंगठ्याचा जोर लावला, टोक घसरलं आणि बोटाला लागलं. रक्त तिनं साडीलाच पुसलं.

"काय करतेस?" सासऱ्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"तुमच्या मुलाचं काम."

झाकण निघालं. आत तारा, बॅटरी आणि कोपऱ्यात सिम. फोन जुना होता, त्याची खाच जुन्या मोठ्या सिमची. म्हणून नवऱ्यानं नखाएवढं सिम प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवून आत सरकवलं होतं. तिनं चौकट ओढून काढली, बंद पडलेलं सिम टिचकीनं उडवलं. मग कानातलं काढलं आणि त्याची तार आपल्या मोबाइलच्या छोट्या भोकात खुपसली. कप्पा बाहेर आला. तिचं सिम तिच्या बोटाच्या टोकावर होतं. खाली दारापाशी बोटभर रुंद फट होती आणि फटीखाली तीन मजल्यांचा अंधार. ते पडलं तर संपलं.

रोज ती असल्याच बारक्या टिकल्या लोकांच्या चष्म्याला बसवायची आणि मधेच शेजारणीशी गप्पाही मारायची. आज गप्पा नव्हत्या. तिनं मनगट भिंतीला टेकवलं, श्वास रोखला आणि सिम चौकटीत दाबलं. चौकट खाचेत गेली. तिनं बॅटरीची तार काढून पुन्हा लावली. फोनवरचा हिरवा ठिपका लुकलुकत राहिला, लुकलुकत राहिला आणि स्थिर झाला.

तिनं बटण दाबलं. रिंग जाऊ लागली.

"लागला," ती म्हणाली. सासऱ्यांनी मान हलवली.

दोन रिंग झाल्या आणि फोन कापला गेला.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसे डोळे भरून आले. नवऱ्याच्या मोबाइलवर आता लिफ्टची कर्कश रिंग वाजत नव्हती. तिथे तिचं नाव दिसत होतं. सकाळी भांडून बसलेल्या बायकोचा फोन. त्यानं नेहमीसारखा कापला होता.

भिंतीतला फोन मात्र थांबला नाही. त्याला एक उचललं नाही तर पुढचा, असे नंबर भरून ठेवलेले होते. दुसरा नंबर लागला. पलीकडून बाई म्हणाली, "आपण ज्यांना फोन करत आहात ते सध्या दुसऱ्या कॉलवर आहेत." चष्मेवाली जाळीकडे बघत राहिली. तो दुसरा नंबर तिचाच होता. मग तिसरा लागला, तो संपर्कक्षेत्राबाहेर. तो सासऱ्यांचा होता आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. नवऱ्यानं मदतीला बोलवायचे सगळे नंबर त्या प्लॅनमधलेच भरले होते, कारण आपापसात फुकट. हाक मारायची ती माणसं आणि अडकलेली माणसं एकच असतील, हे कुणाच्या ध्यानीमनी आलं नव्हतं.

चौथा नंबर मुलीचा. तिची आज परीक्षा होती, फोन वर्गाबाहेर जमा केलेला. "बंद आहे," बाई म्हणाली.

यादी संपली आणि फोन पुन्हा पहिल्या नंबरावर गेला. एक रिंग. कापला.

काटा आता लाल पट्टीत शिरला होता. सासऱ्यांची छाती भराभर वरखाली होत होती आणि मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. तिनं सिलिंडरची चावी किंचित आवळली, म्हणजे हवा थोडी कमी सुटेल आणि थोडी जास्त पुरेल. हे बरोबर की चूक, तिला माहीत नव्हतं. तिला त्या क्षणी नवऱ्याचा इतका राग आला, की तो समोर असता तर तिनं तो स्क्रूड्रायव्हर त्याला फेकून मारला असता.

"उचलत नाही?" सासऱ्यांनी विचारलं.

"कामात असतील."

"खोटं... बोलू नकोस." ते दम घेत राहिले. "माझाही... कापतो."

ती त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. हात गार होता. बाई पुन्हा सांगत होती की फोन दुसऱ्या कॉलवर आहे, मग संपर्कक्षेत्राबाहेर आहे, मग बंद आहे. प्रत्येक वाक्य ती सावकाश, पूर्ण म्हणायची. चष्मेवालीनं आयुष्यात नवऱ्याला लागोपाठ तिसऱ्यांदा फोन कधी केला नव्हता. दोनदा कापला की ती मोबाइल पालथा ठेवून द्यायची. तिसऱ्यांदा करणं म्हणजे पाया पडणं, असं तिचं स्पष्ट मत होतं. भिंतीतल्या डब्याला मानअपमान नव्हता. तो तिच्या नावानं तिसऱ्यांदा गेला.

या वेळी फोन कापला गेला नाही. रिंग जात राहिली. जात राहिली आणि आपोआप थांबली. पुन्हा बाई. पुन्हा ती तीन वाक्यं. चष्मेवाली मनातल्या मनात त्या बाईच्या पाया पडत होती की लवकर आटप.

चौथ्यांदा रिंग गेली आणि लगेच उचलला.

"काय झालं?" नवऱ्याचा आवाज. मागे कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं.

"आम्ही लिफ्टमध्ये अडकलोय. मी आणि बाबा. सिलिंडर संपत आलाय."

पलीकडे एकदम सगळं शांत झालं.

"आपल्या लिफ्टमध्ये? मग तुझा फोन कसा लागला?"

"लाल बटण बंद आहे. माझं सिम त्यात घातलंय. आधी माणूस पाठवा, मग विचारा."

"काटा कुठे आहे?"

"लाल पट्टीत. अर्ध्यात."

तो गावाच्या दुसऱ्या टोकाला होता, हे तिला सकाळपासून माहीत होतं. मग तो बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज कामाच्या वेळचा होता, कोरडा आणि भरभर. "समोरच्या सायकलवाल्याला फोन करतो. गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनच्या खोलीचं कुलूप फोडायला सांगतो. मागे चाकाला ग्रीस लावताना तो होता माझ्याबरोबर, ब्रेक कसा सोडायचा त्याला ठाऊक आहे. हातानं फिरवून तो तुम्हाला चौथ्या मजल्याला लावेल. दाराला हात लावू नकोस. आता मी फोन ठेवतो."

"ठेवू नका."

"अगं, माझ्याकडे एकच फोन आहे. ठेवल्याशिवाय त्याला लावू कसा?"

तिला ते कळत होतं. तरी तिची बोटं जाळीवर घट्ट झाली, जणू आवाज तिथून ओढून धरता आला असता. "ठेवा," ती म्हणाली. "पण मी परत केला तर उचलाल ना?"

त्यानं उत्तर दिलं, पण त्याचा आवाज फुटला आणि तिला शब्द कळले नाहीत. फोन बंद झाला.

मग काहीच नव्हतं. फक्त सासऱ्यांचा श्वास होता आणि त्या श्वासाच्या शेवटी येणारी बारीक शिट्टी. तिनं वाट पाहिली. वर काही वाजत नव्हतं. सायकलवाला दुकानात नसेल तर? सासऱ्यांची मान तिच्या खांद्यावर कलंडली. तिनं चावी पुन्हा सैल केली. आता पुरवून पुरवून वापरायला हवाच उरली नव्हती.

"बाबा, बाबा, कोणती गाडी लागलीय सांगा बघू. फलाट कोणता?"

त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण ओठ हलले.

तिनं लाल बटण दाबलं. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला. तो धावत होता, दम लागलेला होता.

"तो वर पोचलाय. कुलूप तुटलं. ऐक, आता एक हिसका बसेल, घाबरू नकोस. बाबांना धर."

वरून धातूचा दणका आला. केबिन बोटभर खाली बसली आणि तिच्या तोंडून नको तो शब्द गेला. मग दोर कुरकुरले, आणि केबिन वर सरकू लागली. अगदी हळू, थांबत थांबत, कुणीतरी हातानं चाक ओढत असल्यासारखी. ओढतच होता कुणीतरी. दाराच्या काचेतून सिमेंटची भिंत खाली जाऊ लागली, मग फरशीची कड आली, मग चौथ्या मजल्यावरची कुणाची तरी चप्पल.

नवरा फोनवर काहीतरी बोलत होता. ती ऐकत नव्हती. तिनं दार ढकललं.

सायकलवाला जिन्यावरून उड्या मारत खाली आला, काळ्या हातांनी त्यानं सासऱ्यांना उचललं आणि पाचव्या मजल्यावर नेलं. मोठ्या सिलिंडरची नळी तिनं त्यांच्या नाकाला लावली आणि चावी फिरवली. सुरुवातीला काही झालं नाही. मग हळूहळू त्यांच्या मानेच्या शिरा सैल पडल्या. नखांचा रंग परतला. त्यांनी डोळे उघडले, सायकलवाल्याच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "सदरा... काळा केलास." तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला आणि ती जमिनीवर बसून रडली.

नवरा धापा टाकत आला. वडिलांच्या पायाशी बसून राहिला. संध्याकाळी ते बंद पडलेलं सिम मुठीत घेऊन कंपनीच्या दुकानात गेला आणि उतरल्या चेहऱ्यानं परत आला.

"त्या नंबरावरून कित्येक महिन्यांत पैसे लागणारा एकही कॉल झाला नाही, म्हणून बंद केला म्हणे," तो म्हणाला. "मी दर महिन्याला बटण दाबून बघतो, असं सांगितलं मी. तर म्हणे तो तुमच्याच नंबरावर लागतो. घरातल्या घरातले फुकट कॉल आम्ही वापर धरत नाही. तुम्हाला सूचना पाठवल्या होत्या."

"कुठे पाठवल्या होत्या?"

"त्याच नंबरावर."

म्हणजे बंद होण्याच्या सगळ्या सूचना भिंतीतल्या त्या डब्यात येऊन पडल्या होत्या. त्याला बटण होतं, जाळी होती, पडदा नव्हता. एरवी ती यावर पोट धरून हसली असती.

"म्हणजे फुकटचं बोलणं त्यांच्याही लेखी बोलणं नाही," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. लिफ्टसाठी स्वतंत्र कनेक्शन घेऊन आलो, त्यात सायकलवाल्याचा नंबर सगळ्यात वर घातला, असं तो पुटपुटला. मग म्हणाला, "तुलाही वेगळा घ्यायचा तर घे. मी काही म्हणणार नाही." थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तू तिसऱ्यांदा कधी करत नाहीस. तेव्हा चरकलो. पण हात ग्रीसमध्ये होते, पुसेपर्यंत रिंग थांबली."

पहिल्या दोनदा हात कशात होते, हे तिनं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कापलेल्या बोटावर पट्टी होती, त्यामुळे बारीक काम होत नव्हतं. तिनं मोबाइल हातात घेतला. तोच नंबर, तोच प्लॅन. तिनं नवऱ्याला फोन लावला.

अर्ध्या रिंगमध्ये उचलला गेला. "काय झालं? बाबा बरे आहेत ना? कुठे आहेस तू?"

"दुकानात. बाबा बरे आहेत. काही झालेलं नाही."

"मग?"

"काही झालेलं नाही, म्हणूनच केला."

त्याच्या मागे दोर कुरकुरत होते, कुणीतरी त्याला वरून हाक मारत होतं. आता तो म्हणेल, संध्याकाळी बोलू. ती वाट बघत राहिली. त्यानं हाक मारणाऱ्याला थांबायला सांगितलं, हत्यार खाली ठेवल्याचा आवाज आला, मग कुठल्यातरी पायरीवर बसला असावा.

"बोल," तो म्हणाला.